रात्री दोनची कूस

वृद्धाश्रमातल्या एखाद्या आजीच्या माकडहाडावर बेडसोर, म्हणजे एकाच कुशीवर पडून राहिल्याने होणारी जखम, दिसली की पहिला प्रश्न येतो, "मलम कोणतं लावायचं?" त्याआधी विचारायला हवं, की रात्री दहा ते पहाटे पाच या वेळात तिची कूस किती वेळा बदलली. दिवसा जेवण, चहा, अंघोळ यानिमित्ताने कोणीतरी तिला हलवतंच. रात्रीचे सात तास मात्र सलग जातात. कापूस वेचणीच्या दिवसांत मावश्या शेतात जातात, रात्रपाळीला एकच बाई उरते, आणि मग हे हमखास घडतं.

बेडसोर होतो दाबाने. हाड आणि गादी यांच्या मधलं मांस चेपलं गेलं की तिथल्या बारीक रक्तवाहिन्या मिटतात आणि रक्त पोचत नाही. आपण झोपेतही वळतो, म्हणून वाचतो. लकवा मारलेले आबाजी वळू शकत नाहीत. जुन्या शुगरमुळे पाय बधिर झालेल्या आजीला टाच दुखतेय हे कळतच नाही. शिवाय नुकसान बऱ्याचदा आत, हाडालगत सुरू होतं. म्हणून वर रुपयाएवढा डाग दिसतो आणि चार दिवसांनी मूठभर खड्डा उघडतो. त्यात कोणी दुर्लक्षच केलं असं नाही. वरून जेवढं दिसलं तेवढंच खरं मानलं गेलेलं असतं.

म्हणून रोज दोनदा, अंग पुसताना आणि रात्री झोपवताना, कातडी पाहायची. माकडहाड, दोन्ही खुबे, टाचा, घोटे, कोपर, खांद्याची पाती, डोक्याची मागची बाजू. ऑक्सिजनची नळी असेल तर कानामागे, लघवीची नळी असेल तर मांडीवर. लाल भागावर बोट तीन सेकंद दाबून सोडा. पांढरं होऊन पुन्हा लाल झालं तर अजून वेळ आहे. लाल तसंच राहिलं तर पहिली पायरी सुरू झाली. आपल्याकडच्या सावळ्या कातडीवर ही लाली नीट दिसत नाही, आणि इथेच सगळ्यात जास्त चूक होते. तिथे हाताची पालथी बाजू लावून बाजूच्या कातडीशी ताडून पाहायचं: जागा गरम आहे का, टणक किंवा लिबलिबीत लागते का, जांभळट झाक आहे का, हात लावला की आजी कण्हते का. ट्यूबलाइटपेक्षा खिडकीच्या उजेडात हे चांगलं कळतं. अशी जागा चोळायची नाही. "रक्त फिरेल" म्हणून तेल लावून रगडतात, त्याने आतलं दुखावलेलं मांस आणखी फाटतं.

आता कूस. साध्या गादीवर दर दोन तासांनी, चांगल्या फोमवर आणि कातडी धड असेल तर डॉक्टर-नर्सच्या सल्ल्याने तीन-चार तासांनी. पूर्ण आडवं, काटकोनात वळवायचं नाही, कारण मग सगळं वजन खुब्याच्या हाडावर येतं. ३० अंश पुरतात, म्हणजे घड्याळात बारा आणि एक यांच्यामध्ये असतो तेवढाच कल. पाठ आणि कुल्ला यांच्यामागे उशी, दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये दुसरी, आणि पोटऱ्यांखाली तिसरी, टाचा अधांतरी राहतील अशी. उशी टाचेखाली ठेवली तर उपयोग शून्य. शेवटी माकडहाडाखाली हात सरकवून पाहा. हात सहज गेला तर कूस बरोबर.

वर सरकवताना माणसाला काखेत धरून ओढतात. तेव्हा कातडी चादरीला चिकटून राहते, हाड पुढे सरकतं, आणि मधल्या रक्तवाहिन्या पिळवटून तुटतात. यावर विदर्भातल्या घराघरात असलेली उत्तम वस्तू म्हणजे जुनं सुती नऊवारी लुगडं. त्याची चौपदरी घडी खांद्यापासून अर्ध्या मांडीपर्यंत येईल अशी अंगाखाली अंथरायची. दोन जणींनी दोन्ही बाजूंच्या कडा अगदी अंगालगत गुंडाळून मुठीत घ्यायच्या, "एक, दोन, तीन" म्हणून उचलायचं आणि मग सरकवायचं. घडीला चुणी, शिवण, गाठ नको. डोक्याकडची बाजू वर करायची असेल तर आधी पायाकडचं हँडल फिरवून गुडघे थोडे उचला, मग डोकं. नाहीतर माणूस खाली घसरतो. जेवताना बसवा, जेवल्यावर अर्धा-पाऊण तास तसंच ठेवा, मग डोक्याकडची बाजू ३० अंशांच्या खाली आणा.

खुर्चीत बसलेल्यांना आपण धोक्याबाहेर समजतो, तसं नाही. बसण्याच्या हाडांवर दाब झोपण्यापेक्षा जास्त असतो. दर तासाला उठवा किंवा जागा बदला. ज्यांचे हात चालतात त्यांना दर पंधरा मिनिटांनी हातावर भार देऊन कुल्ले उचलायला सांगा. हवेची गोल रिंग मात्र कपाटात ठेवून द्या. ती मधल्या भागाभोवती दाबाचं कडं करते आणि मधलं रक्त अडवते.

नवारीची बाज मधोमध झोळीसारखी खचली असेल तर त्यावर कितीही गोधड्या घाला, माणूस त्या खळग्यातच जातो. सपाट खाट आणि चार इंची घट्ट फोम बरा. अल्फा बेड, म्हणजे पंपावर चालणारी हवेची गादी, असेल तर तो फोमवरच अंथरा, वर एकच सैल चादर. त्याची परीक्षा अशी: तळहात वर करून हवेच्या गादीखाली, बरोबर कुल्ल्यांच्या खाली सरकवा. हात आणि अंग यांच्यामध्ये किमान एक इंच भरलेली गादी लागली पाहिजे. हाड हाताला टेकलं तर पंपाचा दाब वजनाप्रमाणे वाढवा किंवा नळी कुठे मुडपली ते बघा. लाइन गेली की पंप बंद आणि गादी हळूहळू बसते. पंपाला वीज फार लागत नाही, छोट्या इन्व्हर्टरवर तो चालतो. अल्फा बेड आहे म्हणून कूस बदलायची गरज नाही, हा समज मला सगळ्यात घातक वाटतो.

उन्हाळ्यात पारा ४५ वर गेला की रेक्झिनखाली पाठ घामाने भिजून फुगते, आणि फुगलेली कातडी लगेच सोलवटते. रेक्झिन फक्त कमरेखाली, त्यावर सुती कापड, कूलरचा वारा खाटेपर्यंत. डायपर दर कुशीला तपासा. मऊ ओल्या कापडाने टिपा, घासू नका, वर झिंक ऑक्साइडचा पातळ थर. पावडर नको, घामात तिचे गोळे होतात आणि तेच टोचतात.

खाण्याकडे दुर्लक्ष करून कुठलीच जखम भरत नाही. जखम असलेल्याला दर किलो वजनामागे सव्वा ते दीड ग्रॅम प्रथिनं लागतात. ५० किलोच्या माणसाला साधारण ६२ ते ७५ ग्रॅम. दोन अंडी, चारशे मिली दूध, दोन वाट्या घट्ट वरण, मूठभर शेंगदाण्याचा कूट, दोन-तीन चमचे भाजलेल्या सोयाबीनचं पीठ आणि दोन-तीन भाकरी, एवढ्यात ते जवळपास बसतं. सोयाबीन कच्चं दळू नका, ते पचत नाही. किडनीचा त्रास असेल तर हे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच. दात नसतील तर भाकरी वरणात कुस्करा. पातळ पेज पोट भरते, मांस भरत नाही.

जखम उघडलीच तर सलाइनने धुवा. ते नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट दीड चमचा मीठ, म्हणजे सुमारे नऊ ग्रॅम, घालून दहा मिनिटं उकळा, झाकून थंड करा आणि त्याच दिवशी वापरून उरलेलं फेका. जुनी पट्टी सुकून चिकटली असेल तर आधी भिजवा. ओढलीत तर नवं मांस तिच्यासोबत निघतं. लाल, दाणेदार मांस म्हणजे जखम भरतेय. पिवळा थर आणि काळी खपली डॉक्टरांनी काढायची. टाचेवरची कोरडी, घट्ट काळी खपली तर छेडूच नये. लाल जखमेवर हायड्रोजन पेरॉक्साइड, स्पिरिट, हळद, राख काही नको, नव्या पेशी त्यानेच मरतात. गॉज सलाइनमध्ये भिजवून, पिळून, खड्ड्यात सैल ठेवा. ठासून भरलं तर आतूनही दाब येतो. आठवड्याला लांबी-रुंदी पट्टीने मोजून वहीत तारखेसह लिहा. दोन आठवड्यांत फरक नाही तर दाखवायलाच हवं. पावसाळ्यात जखम उघडी राहिली तर माश्या बसून अळ्या पडतात. त्यावर रॉकेल, फिनाईल ओतू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या.

ताप, अचानक असंबद्ध बोलणं, लाली जखमेबाहेर पसरणं, पू, हाड दिसणं, यांपैकी एकही असेल तर १०८ ला फोन करा. गाडीतही पोटऱ्यांखाली उशी द्या. खेड्यातून जिल्ह्याच्या ठिकाणी जायला लागणारे दोन-अडीच तास टाचेला पुरेसे होतात.

शेवटच्या आठवड्यांत शरीर भरून काढायचं थांबतं. मग जखम बंद करण्याचा हट्ट सोडून दुखणं आणि वास कमी करण्याकडे वळावं. डॉक्टरांना विचारून मेट्रोनिडाझोलच्या गोळीची बारीक पूड जखमेवर टाकली की वास बराच उतरतो, आणि नातेवाईक पुन्हा जवळ बसू लागतात. कूस बदलायच्या अर्धा तास आधी दुखण्याची गोळी द्यावी. दोन तास झाले म्हणून झोप मोडू नये, आणि आजीला खिडकीकडची कूस बरी वाटत असेल तर तिथे तिला जरा जास्त वेळ राहू द्यावं.