आमची वाटचाल : बंडलं, ब्रीफ फी आणि वेम्बलीतलं आमचं दुकान

2004 साली इंग्लंड-वेल्समध्ये सर्वसामान्य माणसाला सॉलिसिटरला (केसचे कागद आणि पत्रव्यवहार सांभाळणारा वकील) मध्ये न घालता थेट बॅरिस्टर (कोर्टात युक्तिवाद करणारा वकील) गाठायची मुभा मिळाली. तेव्हा ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्यातल्या कुणाच्याही डोक्यात कागदांचा विचार नव्हता. माझ्या भागीदाराच्या डोक्यात होता. तो मूळचा वसईचा, लंडनमधल्या हॉबर्नच्या एका सॉलिसिटरच्या कॉपी रूममध्ये उमेदीची वर्षं घालवलेला. तो म्हणायचा, "बॅरिस्टर कोर्टात बोलेल, मसुदा लिहून देईल, सल्ला देईल. पण दावा दाखल करणं, नोटिसा पाठवणं, समोरच्याशी पत्रव्यवहार, बंडल म्हणजे सुनावणीच्या कागदांची नंबर घातलेली फाईल, हे तो करणार नाही रे. त्याला त्याची परवानगीच नाही. मग ते करायचं कुणी? गिऱ्हाइकाने स्वतः. आणि त्याला तर कागदाला पंचही धड मारता येत नाही."

एवढ्या भांडवलावर आम्ही लंडनच्या वेम्बलीत लोकांचे कोर्टाचे कागद लावून देणारं दुकान काढलं.

आमच्याकडे होतं काय? एक सेकंडहँड कॉपियर, एक जड दोन भोकांचा पंच, लिव्हर आर्च फायली, डिव्हायडर, ब्रीफ (बॅरिस्टरला द्यायचा कागदांचा गठ्ठा) बांधायची गुलाबी फीत, आणि भागीदाराचं नंबरिंग मशीन. ते मशीन मी अजून कुणाच्या हातात देत नाही. दाबलं की खटकन आकडा उमटतो आणि चाक आपोआप पुढे सरकतं. काटा डुप्लिकेटवर ठेवला की एकच आकडा दोनदा येतो, म्हणजे न्यायाधीशांच्या प्रतीचं पान आणि साक्षीदाराच्या प्रतीचं पान एकसारखं. शाई जरा जास्त झाली की 8 चा ठिपका होतो आणि भर सुनावणीत "पान कुठलं?" यावर पाच मिनिटं जातात. बॅरिस्टरची पाच मिनिटं कुणाच्या खिशातून जातात हे वेगळं सांगायला नको.

नाशिकच्या ताई आमच्याकडे 2012 मध्ये आल्या. केअर होममध्ये नोकरी, अचानक काढून टाकलेलं, पिशवीभर रोटा (पाळ्यांचे तक्ते) आणि पगाराच्या स्लिपा. चेंबर्सच्या, म्हणजे बॅरिस्टरच्या कार्यालयाच्या, क्लार्कने त्यांना फीचा अठराशे पौंडांचा आकडा दिला होता.

"दादा, अठराशेत सगळं आलं ना?"

"व्हॅट धरलाय का त्यात?"

धरला नव्हता. वीस टक्के चढवल्यावर 2,160 झाले. मी त्यांना तिथेच काउंटरवर बसवून क्लार्कला ईमेल लिहायला लावला. कागद वाचण्याचा वेळ ब्रीफ फीमध्ये (सुनावणीच्या पहिल्या दिवसाची ठरलेली फी) आहे का? सुनावणीआधीच्या कॉन्फरन्सचे, म्हणजे बॅरिस्टरबरोबरच्या भेटीचे, पैसे वेगळे लागतील का? दुसरा दिवस लागला तर रिफ्रेशर, म्हणजे जादा दिवसाची फी, किती? आदल्या दिवशी तडजोड झाली तर काय परत मिळेल? उत्तर आलं तेव्हा ताईंचा चेहरा उतरला, पण निदान आकडा पूर्ण होता. क्लार्कशी फीबद्दल बोलता येतं, घासाघीसही करता येते, हे आपल्या लोकांना पटत नाही. भाजीवाल्याशी दहा पैशांसाठी भांडणारे आपण कोटवाल्या माणसासमोर गप्प बसतो. ताई गप्प बसल्या नाहीत. कागद वाचण्याचा वेळ त्यांनी ब्रीफ फीतच बसवून घेतला.

मग आलं 2013. त्या जुलैत एम्प्लॉयमेंट ट्रायब्युनलला, म्हणजे नोकरीचे तंटे सोडवणाऱ्या न्यायाधिकरणाला, फी लागली. नोकरीवरून काढल्याचा दावा असेल तर दाखल करताना 250 पौंड आणि सुनावणीचे 950, मिळून 1,200. नोकरी गेलेल्या माणसाने ते आणायचे कुठून? दावे धडाधड कमी झाले. आमचं निम्म्याहून जास्त काम वॉटफर्ड आणि किंग्जवेच्या ट्रायब्युनलचं होतं. काउंटर ओस पडला.

आणि नेमका त्याच वेळी समोर एक दुकान उघडलं. नाव लिहीत नाही, त्याची गरजही नाही. बाहेर पाटी होती, "केसचं सगळं आम्ही बघतो, एकच रक्कम." त्या रकमेत म्हणे बॅरिस्टरही. कोर्टात लोकांच्या वतीने दावा चालवणं हे 2007 च्या लीगल सर्व्हिसेस ॲक्टनुसार राखीव काम आहे. परवानगी नसलेल्याने ते करणं गुन्हा आहे. हे मी घसा कोरडा होईतो सांगत होतो आणि लोक मलाच म्हणत होते, "तुम्हाला जळफळाट होतोय." आमच्या इंडेक्सचा मसुदा त्याने रकान्यांसकट उचलला. आमच्याकडे कामाला असलेला पोरगा फोडून नेला. एवढं करून त्याची बंडलं कशी, तर नंबर नाहीत, ईमेल उलट्या क्रमाने आणि एकच पत्र चार ठिकाणी. फॅमिली कोर्टाच्या बंडलाला साडेतीनशे पानांची मर्यादा 2014 पासून आहे, हेही त्याला ठाऊक नव्हतं. त्याच्याकडे फसलेली माणसं शेवटच्या आठवड्यात आमच्याकडे यायची, पैसे संपवून.

भागीदार थकला. "बंद करू," म्हणाला. मी त्याचा हिस्सा विकत घेतला, बायकोच्या नावाच्या ठेवी मोडून. जाताना मशीन मात्र माझ्याकडेच ठेवून गेला.

दुकान टिकलं ते ताईंमुळे. त्यांनी मैत्रिणी आणल्या, घटस्फोटाच्या पैशांच्या केसेस. तिथे ट्रायब्युनलच्या फीचा प्रश्नच नव्हता. 26 जुलै 2017 ला युनिसन या कामगार संघटनेच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने ती फी बेकायदा ठरवली, भरलेले पैसेही सरकारला परत करावे लागले. त्या संध्याकाळी मी दुकानात पेढे वाटले. समोरची पाटी त्याच वर्षी उतरली. त्याने घेतलेले पैसे कुणाला परत मिळाल्याचं माझ्या कानावर नाही.

पुढचं थोडक्यात. 2020 मध्ये कोविड आला, कागद थांबला आणि सगळं पीडीएफवर गेलं. बुकमार्क हवेत, शोधता येणारा मजकूर हवा, आणि पानावरचा आकडा पीडीएफच्या आकड्याशी जुळायला हवा. शिकलो.

आता कुणी विचारलं नसलं तरी सांगतो. थेट बॅरिस्टर स्वस्त पडतो तो तुमचे कागद जागेवर असतील तर. गठ्ठा तसाच दिलात तर तो लावण्याचे पैसे तुम्ही बॅरिस्टरच्या तासाच्या दराने भरता. दहा हजार पौंडांपर्यंतचा साधा दिवाणी दावा असेल तर जिंकूनही बॅरिस्टरची फी समोरच्या पक्षाकडून सहसा मिळत नाही. ट्रायब्युनलमध्येही सहसा जो तो आपापला खर्च सोसतो. म्हणून चार हजारांच्या दाव्याला तीन हजारांचा बॅरिस्टर लावताना नीट आकडेमोड करा. कोर्ट फी वेगळीच असते. दहा हजारांच्या वर, दोन लाखांपर्यंत ती दाव्याच्या पाच टक्के, म्हणजे तीस हजारांवर पंधराशे. उत्पन्न कमी असेल तर आधी लीगल एड (वकिलासाठीची सरकारी मदत) बसते का बघा, थेट घेतलेल्या बॅरिस्टरला ती मिळत नाही. आणि बॅरिस्टरांवर देखरेख करणाऱ्या बार स्टँडर्ड्स बोर्डाच्या रजिस्टरवर नाव बघितल्याशिवाय एक पेनी देऊ नका.

आमचा दर पानामागे आहे आणि तो व्हॅट धरून काउंटरवर लिहिलेला आहे. समोरच्या दुकानाने तो कधी लिहिला नव्हता.