बोडीतल्या गोगलगायी, नोंद पाचवी: दुभंगलेली शेपटी सापडली

आमच्या बोडीतल्या, म्हणजे लहान तळ्यातल्या, गोगलगायींत मी शिस्टोसोमची पिल्लं शोधतो आहे. शिस्टोसोम म्हणजे गुरांच्या, माणसांच्या रक्तवाहिन्यांत राहणारा कृमी; त्याच्या पिल्लाची शेपटी टोकाशी दुभंगलेली असते. चार खेपा रिकाम्या गेल्या. या खेपेला एकतिसाव्या पेल्यात ती दिसली.

आधी माझी चूक सांगतो. आजवर सगळ्या गोगलगायी एकाच टोपल्यात ठेवायचो आणि संध्याकाळी ट्यूबलाइटखाली पाणी तपासायचो. सर्केरिया, म्हणजे कृमीची पोहणारी पिल्लं, गोगलगायीतून बाहेर पडायला उजेड आणि ऊब लागते. शिवाय बाहेर पडल्यावर ती जेमतेम दिवस-दीड दिवस जगतात. म्हणून या वेळी बोडीच्या काठावरून, गुरं उतरतात त्याच जागेवरून, ५२ गोगलगायी वेचल्या. त्यात ३८ इंडोप्लॅनॉर्बिस (चकतीसारखं वेटोळं, रक्त लालसर) आणि १४ टोकदार शंखाच्या लिम्निया होत्या. प्रत्येकीला चहाचा वेगळा काचेचा पेला, त्यात उकळून गार केलेलं विहिरीचं पाणी. रात्रभर वर पोतं टाकलं आणि सकाळी आठला पेले ओसरीत उन्हात मांडले.

साडेदहाला पेल्यामागे काळा कागद धरला, तर पांढरे ठिपके पृष्ठभागाशी लोंबकळत होते. सूक्ष्मदर्शकाखाली शेपटीचं टोक स्पष्ट दुभंगलेलं, आणि पोहताना शेपटीच पुढे! हात थरथरत होता, त्यामुळे फोटो धूसर आला आहे. दुसऱ्या एका पेल्यात जाड, काळपट, दोन डोळेठिपके आणि एकेरी शेपटी असलेली निघाली. ती जनावरांच्या पोटात राहणाऱ्या अँफिस्टोम या दुसऱ्या कृमीची. ती गवताला चिकटून कोशात बसते आणि चाऱ्यातून पोटात जाते. दुभंगल्या शेपटीची शिस्टोसोमची पिल्लं मात्र थेट कातडी भेदतात.

इथे मला काकू आठवली. धानाच्या रोवण्याच्या दिवसांत ती दरवर्षी म्हणते, "बांधीत उतरलं का पायाले खाज सुटते." (बांधी म्हणजे भातखाचर.) घरात सगळे युरियाला दोष देतात. गुरांच्या शिस्टोसोमची पिल्लं माणसाच्या कातडीत शिरतात, पण तिथेच मरतात आणि पुरळ उठतं. काकूच्या खाजेचं कारण हेच, असं नुसत्या शेपटीवरून म्हणणार नाही. पण आमच्या बोडीचं पाणी तिच्याच बांधीत जातं.

माणसातला शिस्टोसोम महाराष्ट्रात रत्नागिरीच्या गिमवी गावी १९५२ मध्ये नोंदला गेला. तिथली गोगलगाय वेगळी, फेरिसिया. आपल्याकडच्या इंडोप्लॅनॉर्बिसमधून गुरांचे शिस्टोसोम येतात. त्यातला एक नाकाच्या शिरांत राहतो. तो १९३३ मध्ये संशोधक राव यांनी वर्णिला. नाकात फुलकोबीसारखी वाढ होते आणि बैल घुरघुरतो.

शेजारचा तांबडा बैल उन्हाळ्यापासून घुरघुरतो आहे. सोमवारी पशुवैद्यक त्याच्या नाकातला शेंबूड काढून देणार आहेत. त्यात या नाकातल्या कृमीची बूमरँगसारखी वाकडी अंडी शोधायची आहेत.

तुम्हीही हे करून पाहणार असाल तर हातमोजे घाला. पेल्यांतलं पाणी उकळूनच टाका, मोरीत तसंच ओतू नका.