सहस्रचंद्रदर्शनाची नव्वद सँडविचं

आईच्या सहस्रचंद्रदर्शनाला सकाळी होम, दुपारी घरच्यांपुरतं जेवण आणि संध्याकाळी सहाला सोसायटीच्या हॉलमध्ये साठ माणसं, असा बेत ठरला. संध्याकाळी खायला काय करू, असं आईलाच विचारलं. ती म्हणाली, "चटणीची सँडविचं कर. कडा काढून. आणि काकडी घाल हं."

कडा काढून, कारण कवळी नवी आहे आणि तिला चावायला त्रास होतो. तिच्या बहुतेक मैत्रिणींचंही तेच. भिशीच्या दिवशी आमच्याकडे हीच सँडविचं व्हायची. पांढरी, मऊ, त्रिकोणी. मी शाळेतून यायच्या आत संपू नयेत म्हणून आई दोन काढून ठेवायची.

वहिनी म्हणाली, बाहेरून मागवू या. मी नको म्हटलं, आणि त्याला कारण होतं. भाच्याच्या मुंजीच्या आदल्या रात्री मी पन्नासेक सँडविचं करून ठेवली होती. बेकरीतून ब्रेड गरम असतानाच आला, मी तसाच वापरला, काकडी-टोमॅटो घातले, वर ओला पंचा टाकला आणि झोपले. सकाळी खालची सँडविचं लगदा झाली होती आणि पंच्याबाहेर राहिलेल्यांच्या कडा वाळून वर वळल्या होत्या. तेवढी सगळी टाकून द्यावी लागली. एकतीस वर्षं अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवलं मी, आणि पाणी कुठून कुठे जाणार याचा विचार त्या रात्री केला नव्हता. ते मला फार लागलं होतं. आईच्या दिवशी ते होऊ द्यायचं नव्हतं.

सगळा प्रश्न पाण्याचा आहे. आतल्या सारणातलं पाणी पावात शिरतं आणि पावातलं पाणी बाहेर हवेत जातं. आतून भिजतो, बाहेरून वाळतो. दोन्हीकडे बांध घालावा लागतो.

आतला बांध लोण्याचा. आपलं बाजारातलं बटर जवळजवळ ऐंशी टक्के स्निग्ध असतं, त्यामुळे त्याचा थर अखंड असेल तर चटणीचं पाणी त्यातून सहजासहजी जात नाही. अट एवढीच की ते दोन्ही स्लाइसना, अगदी काठापर्यंत लागलं पाहिजे. मधोमध एक फराटा ओढून उपयोग नाही. आणि ते वितळवायचं नाही! वितळलेलं बटर पावात मुरून जातं, वर थर उरतच नाही. तासभर बाहेर ठेवून चमच्यानं फेटायचं, श्रीखंडाइतकं मऊ करायचं. एका स्लाइसला साधारण पाच ग्रॅम धरलं. १८० स्लाइसना ९०० ग्रॅम, म्हणजे अर्ध्या किलोचे दोन पुडे.

चटणीनं मला सगळ्यात जास्त वेळ घेतला. कोथिंबिरीच्या आठ जुड्या आदल्या दिवशी निवडून, तीनदा धुऊन, पंच्यावर रात्रीपर्यंत पसरून कोरड्या केल्या. मिरच्या, आलं, जिरं, थोडी साखर आणि दोन वाट्या पंढरपुरी डाळं. डाळं पाणी धरून ठेवतं, म्हणून ते कमी करू नका. वाटताना पाण्याऐवजी बर्फाचे चार खडे घातले, म्हणजे मिक्सरच्या उष्णतेनं रंग जात नाही. तरीही ती मला सैल वाटली. मग चक्का बांधतो तशी फडक्यात बांधून फ्रिजमध्येच जाळीवर ठेवली, खाली पातेलं. सकाळी पातेल्यात वाटीभर हिरवं पाणी जमलं होतं. ते दुपारच्या मठ्ठ्यात घातलं. एरवी हे पाणी सँडविचात उतरलं असतं.

लिंबाबद्दल थोडं सांगते. लिंबानं चटणी हिरवी राहते असं आपण म्हणतो, आणि पहिले काही तास ते बरोबर आहे, कारण आंबटपणामुळे ती काळी पडणं लांबतं. पण तोच आंबटपणा हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम बाहेर काढतो आणि रात्रभरात रंग शेवाळी होतो. म्हणून रात्री लिंबू घातलं नाही, लावायच्या वेळी पिळलं. मीठही तेव्हाच, आणि बेतानं, कारण बटर खारट असतं.

ब्रेड या वेळी आदल्या संध्याकाळीच आणला. दहा मोठे सँडविच ब्रेड, दोन टोकं सोडून प्रत्येकात अठरा स्लाइस. एका दिवसाचा ब्रेड ताज्यापेक्षा चांगला, बटर लावताना फाटत नाही. रात्रभर तो ओट्यावरच ठेवला, फ्रिजमध्ये नाही. बूसँगो नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं १८५२ मध्ये दाखवून दिलं होतं की पाणी उडू दिलं नाही तरी पाव शिळा होतो. आतला स्टार्च पुन्हा घट्ट बांधला जातो, आणि फ्रिजच्या गारव्यात हे सगळ्यात भराभर घडतं.

मग तयार सँडविचं फ्रिजमध्ये ठेवायची की नाही? यावर वहिनी आणि मी बराच वेळ बोललो. एप्रिलमधलं पुणं, दुपारी ओट्याला हात लावला तरी गरम लागतो. कच्ची चटणी आणि चीज अशा उन्हाळ्यात चार-पाच तास बाहेर ठेवणं मला मान्य नाही, समोर ऐंशीच्या घरातली माणसं असताना तर नाहीच. थोडा कडकपणा परवडतो, पोट बिघडलेलं परवडत नाही. म्हणून फ्रिज, पण रात्रभर नाही, तीन तास. याच कारणानं उकडलेला बटाटाही या वेळी गाळला.

बाराला बसलो. मी बटर, वहिनी चटणी, भाची चीज. स्लाइस पुस्तक उघडावं तशा शेजारच्या शेजारी काढायच्या, म्हणजे कडेला कड जुळते. पाच ब्रेडची नुसत्या चटणीची पंचेचाळीस झाली, चार ब्रेडची चटणी-चीजची छत्तीस. झाली की तीच नऊ सँडविचं क्रमानं जुळवून पुन्हा अख्ख्या ब्रेडसारखी त्याच्याच पिशवीत सरकवायची आणि तोंड घट्ट वळून बंद करायचं. ही युक्ती मला एका ओळखीच्या केटररबाईंनी सांगितली होती. मऊ बाजू एकमेकींना टेकतात, हवा लागते ती फक्त कडांना, आणि कडा तर शेवटी काढायच्याच असतात. म्हणूनच त्या आधी कापायच्या नाहीत. पिशव्या उभ्या, एकीवर एक न रचता, दोन घरच्या दोन फ्रिजमध्ये. त्यासाठी आमच्या फ्रिजमधली भाजी दिवसभर शेजारी राहिली.

दहावा ब्रेड आईच्या काकडीसाठी. त्याला दुपारी नुसतं बटर लावून ठेवलं. काकडीत पंचाण्णव टक्के पाणी, तिला आधी घालायचीच नाही. पाचला काकड्या पातळ कापल्या, मीठ लावून वीस मिनिटं चाळणीत ठेवल्या, मग पंच्यात घेऊन हलक्या हातानं दाबल्या. बरंच पाणी निघालं. मग ती नऊ भरली.

साडेपाचला बाकीची बाहेर काढली, म्हणजे बटर सैल होतं. दात्यांची सुरी, दाब न देता करवतीसारखी चालवायची, दर चार कापांनंतर ओल्या फडक्यानं पुसायची. कडा काढून लगेच ट्रेमध्ये, वर बटर पेपर, त्यावर घट्ट पिळलेला पंचा. पंचा पावाला टेकू द्यायचा नाही, मुंजीच्या वेळी मी तेच केलं होतं. परातभर कडा निघाल्या, त्यांचा दुसऱ्या दिवशी फोडणीचा चिवडा केला.

सहाला ताटल्या फिरल्या. आईच्या ताटलीत चार त्रिकोण, त्यातले दोन काकडीचे. मी तिच्या मागे उभी राहून बघत होते. तिनं बोटानं पाव दाबून पाहिला, कशी कुणास ठाऊक, पूर्वीही ती असंच करायची. मग शेजारच्या मावशींना म्हणाली, "लेकीनं केलीत. दुपारी केली असं वाटतंय का?"

रात्री चार त्रिकोण उरले, तिनं ते डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवायला लावले. सकाळी ते कडक झाले होते. मंद तव्यावर झाकण ठेवून दोन मिनिटं गरम केले, तसे पुन्हा मऊ झाले. आईनं चहाबरोबर दोन खाल्ले आणि उरलेले दोन माझ्याकडे सरकवले.