कोड ९२

नेट ही पात्रता परीक्षा तिसऱ्या खेपेला निघाली, पेट ही पीएचडीची प्रवेश परीक्षा झाली, कोर्सवर्क झालं. त्याबद्दल यूट्यूबवर ढिगानं व्हिडिओ आहेत, म्हणून मी त्यात शिरत नाही. माझी पीएचडी खरी सुरू झाली ती नागपूरच्या तांडापेठेत, एका मावशींच्या ओसरीवर. तीही चुकीच्या प्रश्नानं.

विषय होता नागपुरातल्या विणकर घरांमधल्या बायकांचं काम आणि त्यांचं समाधान. मी विचारलं, "तुम्ही काय काम करता?" मावशी म्हणाल्या, "काही नाही वो बाई, घरीच रायतो." (आमच्याकडे बाया 'रायतो'च म्हणतात.) मी ९२ लिहिलं आणि पुढचं घर गाठलं. सरकारच्या श्रमबल सर्वेक्षणात ९२ म्हणजे फक्त घरकाम. अशी बाई श्रमबलाच्या, म्हणजे काम करणाऱ्या किंवा शोधणाऱ्या लोकांच्या, बाहेर. आठवड्याभरात माझ्या गठ्ठ्यात जिकडेतिकडे ९२ झाले आणि काम झपाट्यानं होतंय म्हणून मी खूश होते. गाईड मॅडमनी फॉर्म चाळले. "अगं, एवढ्या बाया घरी नुसत्या बसून असतात, तर त्या घरांत दोन वेळचं शिजतं कसं?"

मग प्रश्नच बदलला. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानं २०१९ मध्ये देशभर पहिल्यांदा वेळेच्या वापराची पाहणी केली. त्यात आदल्या पहाटे चारपासूनचा दिवस अर्ध्या-अर्ध्या तासाच्या ४८ खान्यांत भरतात. मी तीच पद्धत उचलली, आणि तेवढ्यात कोरोना आला.

दीड वर्ष कोणाच्या ओसरीवर बसायची सोय नव्हती. तोवर घरी बसून श्रमबल सर्वेक्षणाच्या मूळ फाइली फोडल्या. त्या फुकट मिळतात, पण उघडल्या की नुसते आकडे, सलग, मधे जागा नाही. कोणता आकडा कशाचा हे वेगळ्या तक्त्यात पाहायचं. माझा एक रकाना सरकला आणि दीड दिवस सगळे कुटुंबप्रमुख चार-पाच वर्षांचे निघत होते.

२०२१ च्या दिवाळीनंतर परत मावशींकडे गेले.

"काल पहाटे चारला काय करत होतात?"

"नळ येते ना माय तवा."

आणि मग थांबल्याच नाहीत. पाणी, चूल, नातवाचा डबा, धुणं. जेवणानंतर साड्यांना फॉल लावणं, दुकानदाराच्या, साडीमागे पैसे घेऊन. हे तुम्ही आधी का नाही सांगितलं? "ते काय काम हाय का? ते तं बसल्या बसल्या होते."

वर्षात ३० दिवस जरी असं काम केलं तरी सर्वेक्षणाच्या व्याख्येत बाई कामकरी ठरते. म्हणजे माझं ९२ चूक. त्याहून गंमत पुढे होती. घरात हातमाग होता तेव्हा मावशी कांड्या भरायच्या, म्हणजे विणायचं सूत नळ्यांवर गुंडाळायच्या. त्याचा कोड २१, घरच्या धंद्यात बिनपगारी मदत. माग विकला, त्यांचे मालक रखवालदार झाले, आणि मावशी त्याच ओसरीवर बसल्या बसल्या कागदावर २१ च्या ९२ झाल्या.

अर्थशास्त्रज्ञ क्लॉडिया गोल्डिन यांनी अमेरिकेच्या दोनशे वर्षांच्या नोंदींवरून हेच मांडलंय: शेती आणि घरचा धंदा मागे पडतो तशी कामकरी बायकांची संख्या आधी घसरते, शिक्षण आणि ऑफिसातल्या नोकऱ्या वाढल्या की पुन्हा चढते. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं तेव्हा मी चौथं प्रकरण लिहीत होते. मॅडमचा फोन आला. अभिनंदन जणू माझंच.

समाधानासाठी शून्य ते दहा पायऱ्यांची शिडी दाखवायची आणि आपण कुठल्या पायरीवर ते विचारायचं. मावशींनी शिडीकडे पाहिलं. "कोनाची सांगू? माझी का घरची?" जगभर वापरतात तो प्रश्न, पण त्यात या उत्तराला जागा नव्हती. मी दुसरा रकाना आखला. घरची सहा. स्वतःची बऱ्याच वेळानं, पाच.

व्हायव्हात, म्हणजे प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत, बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, मुलाखत देताना बाई काय करत होत्या? तुरीच्या शेंगा सोलत होत्या. मला स्पष्ट आठवत होतं, पण कुठल्याच फॉर्मवर लिहिलेलं नव्हतं. तेवढ्यावर मी पाच मिनिटं गप्प.

आता एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. मे महिन्यात तास नाहीत म्हणून पैसे नाहीत. तेव्हा माझा कोड काय, हे मी काढून ठेवलंय, सांगत नाही. वेळेच्या वापराच्या २०२४ च्या पाहणीचे आकडे आले ते वर्गात फळ्यावर लिहिले. घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचा त्यात जाणारा दिवसाचा वेळ २९९ मिनिटांवरून २८९ वर आला. पुरुषांचाही ९७ वरून ८८ वर. पोरं हसली. पोरी नाही हसल्या.

परवा बांधलेला प्रबंध दाखवायला मावशींकडे गेले. त्यांनी तो हातात घेऊन वजन पाहिलं.

"माझं पाचच लिवलं हाय ना यात?"

"हो."

"आता सुनेले नोकरी लागली. सात कर."

म्हटलं, मावशी, हे बांधून झालंय आता.

"मग पेनानं कर."