बत्ती ओळखणारं सांबर

बुद्धपौर्णिमेची पाणवठ्यावरची गणना म्हणजे आम्हा वनरक्षकांचा २४ तासांचा मचाणवास. मे महिना, यावल अभयारण्य, सलईची झाडं पार उघडीबोडकी. दुपारभर मचाण तव्यासारखं तापलेलं. सोबत एक म्हातारे पावरा आदिवासी वनमजूर (मी त्यांना बाबा म्हणतो) आणि फैजपूरहून आलेला कॉलेजचा एक हौशी पोरगा.

मोर, वानरं, एक भेकर. सांबराच्या रकान्यात मात्र रात्री दीडपर्यंत भोपळा, आणि खाली चिखलात खूर तर ताजे!

दोनच्या सुमारास दगड गडगडला. मळलेली पायवाट नाल्यातून सरळ पाण्यावर येते. ही मादी ती वाट सोडून समोरच्या घसरड्या उतारावरून येत होती, मागे पिल्लू. चार पावलं टाकायची, थांबायचं, कान फिरवायचे, पुन्हा चार पावलं. पाण्याशी पोचायला तिला वीसेक मिनिटं लागली. तिनं तोंड पाण्याला लावलं आणि नेमकी तेव्हाच आमच्या पोरानं तक्ता भरायला मोबाईलची बत्ती लावली.

एरवी उजेडात सांबर दिपून जागच्या जागी उभं राहतं. रात्रीच्या शिकाऱ्यांचा सगळा धंदा याच सवयीवर चालतो. ही क्षणभरही थांबली नाही. पाय आपटला नाही, 'ढांक' असं ओरडून इशारा दिला नाही. पिल्लासकट उतार चढून गडप.

पोरगं ओशाळलं. बाबा हळूच म्हणाले, "साहेब, हिनं बत्तीमागची बंदूक पाहिलेली आहे."

मला ते पटलं. बिबट्या दिसला की सांबर ओरडतं, कारण आपण दिसलो हे कळल्यावर त्याचा डाव फसतो. बंदूकवाल्यासमोर ओरडणं म्हणजे स्वतःहून पत्ता देणं.

उजाडल्यावर तिनं टाळलेल्या पायवाटेनं निघालो. दोनशे पावलांवर, करवंदीच्या जाळीमागे दगडांचा कमरेएवढा आडोसा. आत बिड्यांची थोटकं आणि चिंधीचा एक काळपट, अर्धवट जळालेला बोळा. ठासणीच्या बंदुकीत दारूवर ठासतात, तसला. त्याच आठवड्यात मी त्या वाटेनं दोनदा गस्त घातली होती, हातात बॅटरी, गप्पा मारत. मला काही दिसलं नव्हतं. जनावराला कधीचं माहीत होतं.

पंचनामा झाला, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा नोंदवला. माणूस काही हाती लागला नाही. आडोसा आम्ही मोडला आणि चांदण्या रात्रींची गस्त बिनबत्तीची केली. दोनदा ठेचकाळलो, एकदा नाल्यात पडलो.

पुढच्या उन्हाळ्यात ट्रॅप कॅमेरे लावले. सांबरं उतारावरूनच येत राहिली. पायवाटेवरचा पहिला फोटो जूनच्या तोंडावर मिळाला, एका तरण्या नराचा. वेळ पहाटे ३.१०.