आमची वाटचाल: पंजा, पहार आणि 2016 चा उन्हाळा

धंद्याची सुरुवात चार ओळींत संपते. पुण्यात बंगल्यांच्या लॉनची देखभाल, एक हाताने ढकलायचा मोअर (गवत कापायचे यंत्र), गवत ओढायचे दोन लोखंडी पंजे, भाड्याचा टेम्पो. लॉनच्या गाद्या (मातीसकट उचललेले तयार गवत) उरुळी कांचन आणि सोरतापवाडीच्या नर्सऱ्यांतून आणायच्या, त्या आजही तिथूनच येतात. पहिली वर्षे बरी गेली. बऱ्या वर्षांत सांगण्यासारखे काही नसते.

मग 2016 चा उन्हाळा आला. पुण्यात पाणी दिवसाआड, लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी, आणि मुंबई उच्च न्यायालयाने 30 एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने राज्याबाहेर न्यायला सांगितलेले. मैदानाला पाणी किती लागते, यावर लोक चहाच्या टपरीवर हिशेब मांडत होते. त्यात चूक काही नव्हते. नळी बंद करा, हे ग्राहकांना आम्हीच सांगितले. पण नळी बंद झाली तशी देखभालीची कामेही बंद झाली, आणि पगार द्यायला एक मोअर विकावा लागला.

खरा घाव पाण्याने घातला नाही. त्या मे महिन्यात याच धंद्यातले एक गृहस्थ सोसायट्यांतून फिरत होते. नाव घेत नाही, धंद्यातल्यांना ते माहीत आहे. “तुमची लॉन मेली, उकरून टाका, नवीन मेक्सिकन गवत लावून देतो, नाहीतर प्लास्टिकची अंथरतो,” एवढेच त्यांचे निदान. कितीतरी ठिकाणी जिवंत हरळी जेसीबीने उचलून ट्रॅक्टरमध्ये भरली गेली.

वाळलेली हरळी मेलेली असतेच असे नाही. आपल्याकडच्या लॉनमधली सिलेक्शन वन ही हरळीच्याच जातीची. तिचे एक काड जमिनीवर धावते, दुसरे जमिनीखाली. वरचे पान पिवळे पडून कुरकुरीत झाले तरी खालचे काड झोपून राहते. तपासायला खुरपे पुरे. चार इंच खोल ढेकूळ काढा, जमिनीखालचे काड नखाने सोला. आत पांढरे आणि टणक असेल तर जिवंत. तपकिरी, पोकळ, मोडताना कट्ट आवाज करणारे असेल तर गेले. एका जागेवर विसंबू नका, हजार चौरस फुटांत निदान दहा जागा पाहा. तरीही शंका असेल तर परातीएवढ्या भागाला रोज तांब्याभर पाणी द्या. दहा-बारा दिवसांत हिरवे कोंब आले नाहीत, तरच उकरण्याची गोष्ट काढा. मेक्सिकनचे तसे नाही. ती दिसायला गुबगुबीत, पण वाढ संथ. एकदा टक्कल पडले की भरून यायला अख्खा हंगाम जातो.

झोपलेल्या हरळीला हिरवे ठेवायचे नसते, फक्त काड सुकू द्यायचे नसते. त्यासाठी तीन आठवड्यांतून एकदा 12 मिलिमीटर पाणी पुरते. हजार चौरस फूट म्हणजे 93 चौरस मीटर, आणि एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर. म्हणजे साधारण 1,100 लिटर. एरवी भर उन्हाळ्यात लॉन हिरवी ठेवायला तेवढे पाणी दोन-अडीच दिवसांत लागते. मात्र या काळात तिच्यावर चालायचे नाही, खत टाकायचे नाही, कापायचे तर मुळीच नाही.

हा हिशेब अक्षरशः पाळला तो कर्वेनगरच्या काकूंनी. निवृत्त गणित शिक्षिका, 1,200 चौरस फुटांची लॉन. श्रीखंडाचे आठ रिकामे डबे लॉनवर मांडायचे, स्प्रिंकलर पंधरा मिनिटे चालवायचा आणि प्रत्येक डब्यात किती पाणी साठले ते पट्टीने मोजून वहीत लिहायचे, ही त्यांची पद्धत. (डबे उभ्या कडांचे हवेत, निमुळते असले की माप चुकते.) एका कोपऱ्यात 3 मिलिमीटर, दुसऱ्यात 9. इतकी वर्षे आम्ही त्या कोरड्या कोपऱ्याला युरिया देत होतो आणि दोष नोझलचा निघाला. ती चूक आम्ही मान्य केली. तेव्हापासून कुठल्याही पिवळ्या डागाला खत देण्याआधी डबे मांडतो. त्या उन्हाळ्यात काम नसतानाही काकूंनी दरमहा पैसे दिले. वर म्हणाल्या, “जूनमध्ये पळून जायचं नाही.”

जूनमध्ये जे केले तेच आजही करतो. पहिले दोन-तीन चांगले पाऊस पडून जमीन ओली झाली, पण पायाला चिकटत नाही, अशा वेळी मोअर 15 मिलिमीटरवर उतरवून लॉन बोडकी करायची. मग पंज्याने आडवे-उभे ओढून खालचा वाळका थर काढायचा. हा थर अर्ध्या इंचाहून जाड असेल तर पाणी मुळांपर्यंत जातच नाही, वरच्यावर सुकते. त्यानंतर भोके. पोकळ दात्यांचे यंत्र जमिनीतून मातीची कांडी बाहेर काढते, तीन-चार इंच खोल. बागकामाचा साधा काटा फक्त माती बाजूला दाबतो, आणि काळ्या मातीत तेही ओलीत केले तर भोकाच्या भिंती लुकण लावल्यासारख्या गुळगुळीत होऊन बंद होतात. भोकांवर चाळलेली धुतलेली वाळू आणि कुजलेले शेणखत, सत्तर-तीस. पाव इंच थराला हजार चौरस फुटांना ब्रासचा (ब्रास म्हणजे 100 घनफूट) पाचवा हिस्सा पुरतो. पान दिसत राहिले पाहिजे, गाडले जाता कामा नये. न धुतलेल्या क्रश सँडमधली (दगड भरडून केलेल्या वाळूतली) भुकटी भोकांत सिमेंटसारखी बसते. आणि कच्चे शेणखत आणाल तर लव्हाळ्याचे तण आणि मुळे खाणारी हुमणी अळी फुकट मिळेल.

रिकाम्या जागी गादी आणून टाकायची घाई नको. आपल्याच लॉनच्या कडेची काडे उपटून दोन-तीन पेऱ्यांचे तुकडे करा, चार इंचांवर टोचा, एक पेरे मातीबाहेर ठेवा. तीन आठवड्यांनी हजार चौरस फुटांना अर्धा किलो युरिया, कोरड्या वाळूत मिसळून, निम्मा उभा आणि निम्मा आडवा फेकायचा. पान कोरडे असताना फेकून लगेच पाणी द्यायचे. ओल्या पानावर पडलेला दाणा तिथेच जाळतो.

लव्हाळा उपटू नका. पान हातात येते, गाठ जमिनीत राहते आणि तिला चार फुटवे येतात. हॅलोसल्फ्यूरॉन हे उसातले तणनाशक हरळीला सोसते. लेबल उसाचे आहे हे ग्राहकाला आधी सांगतो आणि आधी एका कोपऱ्यात मारून बघतो. एकरी 36 ग्रॅमची मात्रा, म्हणजे हजार चौरस फुटांना एक ग्रॅमसुद्धा नाही. त्यासाठी आमच्या पेटीत सोनाराचा छोटा काटा असतो. चमच्याने अंदाज करणाऱ्याने हे औषध हातात घेऊ नये. परिणाम दिसायला दोन-तीन आठवडे लागतात. आठव्या दिवशी धीर सोडून दुसरा फवारा मारू नका.

मोअरबद्दल थोडे. सिलिंडर मोअरची पाती आणि खालची स्थिर पट्टी यांत वर्तमानपत्राचा कागद सरकवा. पट्टीच्या पूर्ण लांबीत तो कात्रीसारखा कापला गेला पाहिजे. फाटला किंवा दुमडला तर व्हॉल्व्ह घासायची पेस्ट लावून सिलिंडर उलटा फिरवायचा, मग पुसून पट्टी पुन्हा बसवायची. बोथट पात्याने पान कापले जात नाही, चिरडले जाते. दोन दिवसांत टोके पांढरी पडतात आणि ग्राहक विचारतो, रोग आला का. एका कापणीत उंचीचा तिसरा हिस्साच घ्या. बांधावरचे गवत कापायचा ब्रश कटर लॉनवर फिरवणारा माळी ठेवू नका, आणि चांगला माळी मिळाला तर त्याचा पगार पाच तारखेच्या आत द्या.

आता खऱ्या घावाचे, एका सोसायटीचे. 40,000 चौरस फूट, आमचे सर्वांत मोठे काम. मे 2016 मध्ये ते वर सांगितलेल्या गृहस्थांकडे गेले आणि जुनी हरळी जेसीबीने सहा इंच मातीसकट उचलली गेली. दोन वर्षांनी समितीने आम्हाला बोलावले, तेव्हा नव्या मेक्सिकनला चट्टे पडले होते आणि मातीवर मिठासारखी पांढरी पापडी होती. पहार मारली तर दोन इंचांवर ठण्ण. लाल मातीखाली सगळा राडारोडा. सहा इंचांना 200 ब्रास माती लागली असती, दोन इंचांत 67 मध्ये भागले. उरलेल्या 133 ब्रासचे पैसे कुठे गेले, हे आम्ही कशाला सांगायचे. वर पाणी सांडपाणी प्रकल्पाचे, साबणातल्या सोडियमचे. त्याने मातीचे कण सुटून चिखल होतो, पाणी साचते, मूळ गुदमरते. यावर जिप्सम चालते, हजार चौरस फुटांना 20 किलो, पण सोडियम धुऊन खाली जायला निचरा हवा. राडारोड्यावर दोन इंचांत निचरा कुठे होणार?

आम्ही लेखी दिले: सगळे काढा, राडारोडा बाहेर न्या, सहा इंच माती भरा, मगच गवताचे बोला. समितीला आकडा जड गेला. तिथे आता प्लास्टिक आहे, दुपारी त्यावर अनवाणी पाय ठेववत नाही.

नवीन धंदा करणाऱ्यांनी एक करावे. कोटेशनआधी तीन खड्डे खणून, पट्टी उभी धरून फोटो काढा आणि कोटेशनमध्ये मातीची खोली इंचात लिहा. आम्ही हे 2016 च्या आधी करत नव्हतो. त्या सोसायटीचे फेब्रुवारी-मार्चचे देखभालीचे बिल अजून बाकी आहे.