डोंगर पेटला त्या दुपारी

नाशिकच्या पेठ रोडला, रामशेज किल्ल्याच्या पुढच्या एका टेकडीवर आम्ही आठ-दहा जण तीन पावसाळे रोपं लावतोय. खैर, आवळा, करंज, बेहडा. जाळरेषेचा, म्हणजे आग अडवायला गवत कापून, जाळून काढायच्या मोकळ्या पट्ट्याचा विषय निघाला की मी दोन्ही वर्षं काढता पाय घेतला. रोप लावताना फोटो छान येतो. जानेवारीत वाकून कुसळी गवत कापणाऱ्याचा कोण काढणार? शिवाय कुसळं मोज्यात घुसली की आठवडाभर निघत नाहीत.

मार्चमधल्या एका दुपारी फोन आला, डोंगर पेटलाय. वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर जागा सांगितली आणि गाडी काढली. अंगात पॉलिस्टरचा टी-शर्ट, हा पहिला मूर्खपणा. दुसरा, आग वरून अडवू म्हणून मी सरळ चढावर धावलो.

खालून गावातले एक बाबा ओरडले, "अरे येड्या, वर नको जाऊ! आग चढाला पळती!"

खालची धग वरचं गवत आधीच भाजून ठेवते, मग ठिणगी पडायचाच अवकाश. बाबांनी मला जळून काळ्या झालेल्या भागातून, बाजूने आत नेलं आणि हातात करंजाची ओली फांदी दिली. आपटायची नाही, दाबून ओढायची; आपटली की ठिणग्या उडतात. माझ्या बाहीला दोन भोकं पडली तेव्हा हे नीट समजलं. वनरक्षक ताई दोन माणसं आणि हवेचा झोत मारणारा ब्लोअर घेऊन आल्यावर कामाला वेग आला.

खरं तर आग थांबवली आम्ही नाहीच. पलीकडच्या अंगाला गावाने जानेवारीतच गवत कापून, जाळून पट्टा काढला होता. तिथवर आल्यावर पुरुषभर उंचीच्या ज्वाळा गुडघ्याएवढ्या झाल्या आणि धूर सोडत बसल्या. आमच्या बाजूला पट्टा नव्हता.

आग कुणी लावली? बाबा म्हणाले, "मोहाखालचा पाचोळा, बिडी, कायबी आसंल." मोहाची फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळतात, ती आग कधी पसरते. मी पुढे खोदलं नाही.

दुसऱ्या दिवशी रोपांच्या काळ्या काड्या उपटायला लागलो, तर ताईंनी हात धरला. "बुंध्याशी नखाने साल खरवडून बघा आधी." पहिल्या रांगेतल्या नऊपैकी पाचांच्या सालीखाली ओलं, हिरवं निघालं. ते तसेच ठेवले. उघड्या पडलेल्या उतारावरची माती पहिल्याच पावसात ओढ्यात जाऊ नये म्हणून मे महिनाभर आडवे दगड रचले. जुलैत खैरांना मुळाशी फुटवे आले. आवळे बहुतेक गेले.

येत्या जानेवारीसाठी सहा विळे घेतलेत. कुसळांसाठी मोज्यांवरून दुधाच्या रिकाम्या पिशव्या बांधायच्या, ही युक्तीही बाबांचीच.